चारला मिटलेली फुलं

धुळ्याच्या कचेरीत मी कारकून होतो. आमचे म्हातारे शिपाई, नाना, पारोळ्याचे. मागच्या पडवीत डालड्याच्या डब्यात त्यांनी ऑफिस टाइमचं रोप लावलं होतं; जमिनीसरशी पसरणारं, गुलाबी फुलांचं. बोटभर फांदी खुडायची, दिवसभर सावलीत टाकायची, मग पेरभर मातीत खोचायची, पाणी बेतानंच, हे मला त्यांनीच शिकवलं.

मोठे साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर मी आमच्या साहेबांना सुचवलं, झेंड्याच्या ओट्याभोवती याच फुलांचा गालिचा करू. साहेब खूश. नानांचं नाव मी काढलं नाही. फांद्या त्यांच्या डब्यातल्या, उकिडवं बसून खोचल्याही त्यांनीच. महिना-दीड महिन्यात ओटा गुलाबी झाला.

मग तपासणीची वेळ कळली, दुपारी चार. नाना माझ्या टेबलाशी आले.

"भाऊ, ह्या फुलं दुपारले मिटी जातस. चारले काय दखाडश्यात? सायेबले आजच सांगी द्या."

"नाना, तुम्ही चहाचं बघा."

शेजारचे दोघे हसले. फुलं मिटतात हे मीही रोज बघत होतोच. पण मिरवून झालं होतं, आता माघार कुठल्या तोंडानं घेऊ?

चारला ओट्याभोवती नुसत्या सुरकुतलेल्या गुंडाळ्या. मोठे साहेब म्हणाले, "हे काय, वाळवण घातलंय?" ते गेल्यावर आमचे साहेब माझ्यावर कडाडले, "मिटतात हे माहीत नव्हतं?"

"लावली नानांनी, साहेब. ते काही बोललेच नाहीत."

नाना तिथंच रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभे होते. माझ्याकडे एकदा बघितलं. म्हणाले, "चुकनं, सायेब."

सकाळी सगळं उपटून टाकायचा हुकूम झाला, तोही त्यांनाच. मी दहाला पोचलो तेव्हा फुलं भरभरून उमलली होती आणि नाना ती मुळासकट काढत होते. दुपारी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेल्या फांद्या ठेवल्या त्यांनी. "ल्या, भाऊ. एक दिन सावलीमा ठेवज्यात." तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी. नाही बोललो. वर्षभरात ते निवृत्त होऊन पारोळ्याला गेले.

जळगावला माझ्या अंगणात आज तेच पसरलंय. शेजारीपाजारी फांद्या मागतात, मी देतो, लावायची रीतही सांगतो. कुठं शिकलात विचारलं की म्हणतो, "असंच, धुळ्याला."

अजूनही कामानिमित्त धुळ्याला जातो. वाटेत पारोळ्याला बस दहा मिनिटं थांबते. मी खाली उतरत नाही.