री ओढणारा

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. गिऱ्हाईक म्हणालं, ‘ही फ्रेम मला शोभते,’ की मी म्हणतो, ‘अगदी!’ घरी बायको म्हणाली, ‘पडदे निळे घेऊ,’ की माझ्याही मनात आधीपासून निळेच असतात. ‘आमचे जावई कधी उलटून बोलत नाहीत,’ असं सासूबाई कौतुकानं सांगतात. त्यांना तो स्वभाव वाटतो. खरं तर तो आळस आहे.

असला माणूस बायकोच्या आग्रहाखातर तिच्या गायनमंडळात शिरला. तिथल्या मास्तरांनी नवं गाणं काढलं. त्यात दोन वेगळ्या चाली एकाच वेळी गायच्या. पहिली बायकोला दिली आणि दुसरी, पुरुषांची टंचाई असल्यामुळे, मला.

“कुणी कुणाची साथ करायची नाही,” मास्तर म्हणाले. “दोघांनी एकमेकांना ऐकायचं आणि आपापलंच गायचं.”

दोन ओळी झाल्या की मी तिच्या चालीवर! मास्तरांनी कपाळाला हात लावला. जमलं नाही तर कार्यक्रमात माझी चाल ते पियानोवर वाजवणार होते.

मग मी शक्कल लढवली. कानांत कापूस घातला. तालीम बिनचूक झाली. मास्तर खूश, मी तर स्वतःवरच फिदा. घरी आल्यावर बायकोनं कापूस ओढून काढला.

“अहो, माझं ऐकलंत की तुम्ही माझंच गाता. स्वतःचं गायचं तर मला ऐकतच नाही. दोन्हीकडे मी एकटीच ना?”

ती गाण्याबद्दलच बोलतेय, अशी मी थोडा वेळ स्वतःची समजूत घातली. ती काही पटली नाही. फार वाईट वाटलं.

कार्यक्रमात मी मोकळ्या कानांनी उभा राहिलो. तिची चाल वर निघाली, माझी खाली. तिची इतकी गोड, की सगळं सोडून तिकडेच जावंसं वाटत होतं. मी हट्टानं माझी धरून ठेवली. आवाज म्हणाल तर नळाला पाणी यायच्या आधी येतो तसा. आणि अचानक तेवढाच ऐकू यायला लागला.

ती थांबली होती. कधी न चुकणारी माझी बायको माझ्याकडे बघत उभी होती. ती थांबली की मी थांबायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. पण मी गात राहिलो. पुढच्या ओळीला ती आपल्या चालीवर परत आली.

पडदा पडल्यावर मास्तर उखडलेच. “तुम्ही? तुम्ही कशा विसरलात?”

“विसरले नाही,” ती म्हणाली. “हे काय गातात ते ऐकत होते. आजवर कधी ऐकायलाच मिळालं नव्हतं.”