सोडवकाकांचं एक नाव

चिकटवून देणारे पुष्कळ होते. पण चिकटवलेलं न मोडता सोडवायचं म्हटलं, की सगळे मेकॅनिक गल्लीच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवायचे. तिथल्या कारागिराचं नावच पडलं होतं सोडवकाका. बायकोसुद्धा एखाद्या दिवशी वैतागली की म्हणायची, "अहो सोडवकाका, मलाही कधीतरी या संसारातून सोडवा." त्यावर काका म्हणायचे, तुझा गोंद भलताच पक्का आहे, माझी हीट गन पुरायची नाही.

तरुणपणी काका पाण्याच्या टाक्या आणि होड्या बनवणाऱ्या कारखान्यात होते. काचेच्या धाग्यांची चटई पसरायची, तिच्यावर रसायन ओतायचं, आणि रात्रभर अंग खाजवत बसायचं. पुढे कारखाना बंद पडला आणि त्याच सुमारास कुणीतरी एका जुन्या मोटारीचं फुटलेलं दार घेऊन आलं. मोटार फायबरची, म्हणजे त्याच काचेच्या धाग्यांची. असल्या मोटारींना पत्र्याच्या गाडीसारखं वेल्डिंग नसतं. एक भाग दुसऱ्याला टेकवून, आतून पट्टी लावून, कडक गोंदाने जन्माचा चिकटवलेला असतो. त्यातला एक फुटला की लोक सरळ करवत लावत, आणि फुटक्याबरोबर शेजारचा धडधाकट भागही कामातून जाई. काकांना ते बघवलं नाही. त्यांनी गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने सांधा तापवला. आतला गोंद जरा नरमल्यावर पुट्टीची पातळ पाती हळूच आत सरकवली, मागे लाकडी पाचर ठेवली, मग पुढचं वीतभर. दाराचा फुटका भाग अलगद सुटला. तेव्हापासून हाच धंदा झाला.

खरी कला होती किती तापवायचं यात. कमी तापलं तर गोंद सोडत नाही, जोर लावला तर फायबर चिरतं. जास्त तापलं तर फायबरला फोड येतात, आतले धागे पांढरे पडतात, मग ते पुन्हा ताकद धरत नाही. तापमान मोजायचं यंत्र काकांकडे होतं, पण ते वरचं सांगायचं. आत कुठे गोंद जाड, कुठे पातळ, हे त्याला काय ठाऊक. काका सांध्यापासून दोन बोटं लांब हाताची मागची बाजू टेकवायचे आणि मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचे. नाव सावकाश दोनदा घेता आलं तर अजून थंड. एकदा पुरं होताहोता हात आपोआप उचलला गेला की पातीची वेळ झाली. देवाला असं कामाला लावलेलं बरं दिसतं का, असं काकू एकदा म्हणाल्या होत्या. काका म्हणाले, त्याला लावतो म्हणून तर हात भाजत नाही.

काकूंचं इस्त्रीचं दुकान त्याच शेडमध्ये, प्लायवूडच्या आडोशापलीकडे. अलीकडे फायबरचा वास, पलीकडे गरम कापडाचा. दिवसभर मधल्या फटीतून गप्पा चालायच्या.

एके दिवशी टेम्पोवर लादून सिस्टरांची गाडी आली. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. सगळा भाग त्यांना त्याच नावाने ओळखे. गाडी त्यांच्या वडिलांची. तिच्यावरच त्या चालवायला शिकल्या होत्या. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकने पुढचं उजवं मडगार्ड फोडलं होतं, पण पुढचं नाक, दिव्यांच्या खोबणींसकट, शाबूत होतं. मडगार्ड मी नवं करीन, काका म्हणाले, डाव्यावरून मापं मिळतील. नाकाचं तसं नाही. गाडी बनवणारी कंपनी कधीच उठली होती, साचा भंगारात गेला होता. आणि फुटकं मडगार्ड त्या नाकालाच चिकटलेलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "नाक गेलं तर मग गाडी घरी न्यायचं कारण राहणार नाही."

काकांनी आधी हात बसवायला मडगार्डच्या खालच्या टोकाला, जिथे आतून नुसती पट्टी चिकटवलेली होती, तिथे गन लावली. मग हात टेकवला आणि नाव घेतलं. एकदा झालं, दोनदा झालं, हात काही बोलेना. अजून गारच आहे म्हणत त्यांनी पुन्हा गन धरली. पुन्हा नाव, पुन्हा हात गप्प. तिसऱ्यांदा गन धरली तेवढ्यात आडोशापलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो, काय करपतंय?"

काकांनी गन बाजूला केली. मडगार्डच्या कडेला करंगळीएवढा फोड आला होता. भंगारात जायचाच भाग तो, नुकसान काही नाही. पण काकांनी गनचं बटण बंद केलं. हेच नाकावर झालं असतं तर?

सिस्टर स्टुलावर बसून पाहत होत्या. त्या फोडाकडे बघतच नव्हत्या. उठून त्यांनी काकांचा हात धरला आणि उलटा केला. बोटांच्या मागे कातडी लाल होऊन फुगली होती.

"काका, हे दुखत नाही?"

काकांनी हाताकडे पाहिलं. कुणा दुसऱ्याचा हात पाहावा तसं. मग कबूल केलं, की बरेच दिवस बोटांना मुंग्या येतात, चपला कधी निसटतात ते कळत नाही, साखर मागे थोडी वाढली होती, गोळ्या मधेच सोडल्या. घरात बोलले नव्हते. काकू आडोसा ओलांडून आल्या होत्या आणि इस्त्री हातात तशीच होती.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू काम बंद करायला लावलं असतंस."

काकू वळल्या. इस्त्री टेबलावर उभी करून आल्या, काकांचा हात नळाखाली धरला, सिस्टरांनी पट्टी बांधली. काका खाली मान घालून म्हणाले, सिस्टर, गाडी परत न्या, हा हात आता खोटं बोलतो. सिस्टर गाडीकडे बघत राहिल्या. दुसरीकडे नेली तर तिथे करवत लागणार, हे त्यांना माहीत होतं.

काकूंनी पदराला हात पुसला आणि मडगार्डच्या फुटक्या टोकाशी जाऊन बसल्या. "तापवा," म्हणाल्या. "हात माझा, नाव तुम्ही घ्या."

"तुझा हात इस्त्रीने निबर झालाय."

"मग आधी या भंगारावर बघू ना किती निबर आहे ते."

त्या टोकावर दोघांनी चांगला वेळ घालवला. काका गन फिरवायचे, बाजूला करायचे आणि नाव घ्यायचे. जन्मभर मनात घेतलेलं नाव पहिल्यांदाच तोंडाने घेत होते, सुरुवातीला लाजत, पुटपुटत. मोठ्याने घ्या, मला ऐकू यायला नको का, काकू म्हणाल्या. काकूंचा हात दुसऱ्या नावाच्या मध्यावर उचलला गेला की गोंद नरम असायचा. म्हणजे काकांचं एक ते काकूंचं दीड. एकदा वास बदलला तेव्हा काकूंनी नाव पुरं व्हायच्या आतच "बस" म्हटलं, आणि काकांनी पाती घालून पाहिलं तर खरंच गोंद उकळायच्या बेतात होता. कापड पिवळं पडायच्या आधी असाच वास येतो, त्या म्हणाल्या.

मग नाक.

खिडक्या सगळ्या उघडल्या, तोंडाला मास्क बांधले. काकांनी गन मडगार्डच्या बाजूने, आतल्या पट्टीवर धरली, नाकाकडे ऊब जाईल तेवढीच जाऊ दिली. हात, नाव, पाती, पाचर. वीतभर झालं. पुन्हा. दिव्याच्या खोबणीजवळ गोंद बोटभर जाड निघाला. तिथे पाती अडली. काकांचा खांदा पुढे झुकला, सवयीने जोर येऊ पाहत होता. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी पाती मागे घेतली आणि पुन्हा तापवायला लागले. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या, तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा त्यांचेही ओठ हलत होते.

संध्याकाळी मडगार्ड सुटून काकांच्या मांडीवर आलं. सिस्टरांनी नाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. एकही फोड नव्हता. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच नर्सच्या आवाजात सांगितलं, की उद्या सकाळी काकांनी उपाशीपोटी रक्त तपासायला यायचं, नवं मडगार्ड त्यानंतर. काका म्हणाले, उद्या मापं घ्यायची होती. सिस्टर म्हणाल्या, मापं कुठे पळत नाहीत.

काका दवाखान्यात गेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, चपला बदलल्या. बोटांची जाणीव परत आली नाही, डॉक्टरांनी तशी आशाही दाखवली नव्हती. मडगार्ड तयार झालं आणि सिस्टर गाडी स्वतः चालवत घेऊन गेल्या, गल्लीत सगळे दारात उभे होते.

पुढच्या आठवड्यात एक मेकॅनिक फायबरचं दार घेऊन आला. काकांनी ते उलटंसुलटं पाहिलं, गन लावली आणि आडोशावर टकटक केलं.

"अगं, येतेस का?"

"एवढा शर्ट होऊ द्या. तोवर गन बाजूला ठेवा."

काकांनी गन बाजूला ठेवली आणि वाट बघत बसले.