सेतीमायेच्या पानावरचा मासा

दलबीरची बायको सेतीमाया ऐन पौषात गेली. जायचंच होतं तर बाईनं भाद्रपदात जायचं, नदी दुथडी भरलेली असताना! पण मरणाला कसली आलीय सोय. दलबीर जातीनं माझी, म्हणजे पिढीजात नावाडी आणि मासेमार. या लोकांत सुतक फिटतं त्या शुद्धीच्या दिवशी, मेलेल्याच्या पानावर आपल्या नदीतला मासा ठेवावाच लागतो. तो नसला तर जीव पितरांत जात नाही, घाटावरच घुटमळत राहतो. त्यामुळे बायकोला अग्नी दिल्यापासून म्हाताऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, मासा.

थंडीत पाणी उतरलं की कत्ले मासे वरच्या ओढ्यांतून खाली येतात. खोल डोह गाठतात आणि दगडाखाली पोट टेकून पडून राहतात. खाणं नाही, फिरणं नाही. वरून जाळं गेलं तरी हलायचं नाव नाही. पाणी परत येईतो दिवस काढायचे, एवढंच त्यांना कळतं.

वर बांध झाला, नदी बोगद्यात गेली, तिकडे काठमांडूत दिवे लागले. घाटाच्या वाट्याला एक धार उरली. पहिल्या हिवाळ्यात गाव काय खूश! सगळ्या नदीचे मासे घाटाजवळच्या काळ्या डोहात येऊन बसलेले. टोपल्या भरभरून आणले. नदी प्रसन्न झाली म्हणे. डोंबलाची प्रसन्न! पुढच्या हिवाळ्यात टोपलीचा तळही झाकेना. तेव्हा याच दलबीरनं घाटावर उभं राहून सगळ्यांना दम भरला, "हिवाळ्यात डोहाला कुणी हात लावायचा नाही. जो लावील त्याच्या घरचं पाणीसुद्धा मी पिणार नाही." म्हातारा तोंडाचा फटकळ, पण गावानं ऐकलं.

आता तोच शब्द त्याच्या गळ्याशी आला. रोज तो उरल्यासुरल्या धारेत जाळं फेकायचा आणि पालापाचोळा घेऊन घरी यायचा.

सेतीमायेचा धाकटा भाऊ हर्कबीर सुतकाला आला होता. त्याला राहवेना, त्यानं मेहुण्याला विचारलं,

"भिनाजू, डोहात मासे आहेत ना?"

"आहेत की."

"मग घोडं अडलंय कुठं?"

"गावाला बंदी आणि मला मोकळीक? कुठल्या तोंडानं?"

"वा! तुमचं तोंड राहू दे शाबूत. माझी दीदी फिरू दे घाटावर भुतासारखी. जन्मभर तुमचे मासे साफ केले तिनं, एक मासा नाही तिच्या नशिबी?"

दलबीरची मुलगी इंद्रमाया चुलीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "बा, बाजारात तळ्यातले मिळतात."

"जिवंतपणी तोंडात धरला नसता तिनं तो. चिखल चावल्यासारखा लागतो म्हणायची. मेल्यावर वाढू?" आणि म्हातारा जाळं उचलून पुन्हा बाहेर पडला.

शुद्धीच्या आदल्या दुपारी तो असाच काठावर बसला होता. बघता बघता धार बारीक झाली आणि थांबली. दगडांचे काळे ओले माथे उघडे पडले. पलीकडून कुणीतरी आरोळी ठोकली, "दुवाली! दुवाली!"

दुवाली म्हणजे या नदीवरची जुनी रीत. वर नदीचा फाटा दगडमातीनं अडवायचा, पाणी दुसरीकडे वळवायचं आणि उघड्या पात्रातले मासे वेचायचे. मोठे घ्यायचे, बारके डबक्यात सोडायचे आणि दिवस मावळायच्या आत अडसर फोडून पाणी परत द्यायचं. आरोळी आली की ज्याला जमेल त्यानं धावायचं. नदीचं पाणी असं एकाएकी जायला दुसरं काही कारण असतं, हे बांध होईतो या लोकांच्या कधी कानावरच आलेलं नव्हतं. सगळं गाव टोपल्या घेऊन धावलं. दुवाली घातली कुणी, हे एकानंही विचारलं नाही.

काळा डोह हल्ली गाळानं अर्धा भरलेला, त्यात होतं तेही पाणी वाळूत झिरपलं. पाणी उतरू लागलं तेव्हा मासे खाली पळाले असते तर वाचले असते. पण नाही! पाणी कमी झालं की डोह सोडायचा नाही, हेच त्यांना ठाऊक. सगळे मोठ्या दगडाखाली एकमेकांच्या अंगावर चढून बसलेले. दलबीरही धावला. बंदी, शब्द, काही म्हणजे काही आठवलं नाही त्याला. दगडाखाली हात घातला, हाताला गार पोट लागलं, आणि त्यानं चांगला हातभर कत्ले बाहेर ओढला.

"मिळाला! सेती, मिळाला गं!" म्हातारा तिथंच चिखलात बसून ढसाढसा रडला. बघणाऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग डोळे पुसून तो ओरडला, "बारके सोडा रे! संध्याकाळी पाणी सुटेल." सगळ्यांनी निमूटपणे बारके मासे सावलीतल्या डबक्यात सोडले.

पाणी सुटलं नाही. सकाळी शुद्धीच्या अंघोळीला माणसं घाटावर आली तर पात्र कोरडं ठणठणीत. डबकं आटलेलं, बोटाएवढी पिल्लं एकमेकांना चिकटून मेलेली, आणि कावळ्यांची चंगळ.

"दुवाली फोडायला विसरले की काय मेले?" हर्कबीर चिडून म्हणाला.

"दुवाली नव्हतीच ती," दलबीर म्हणाला. "वर बांधाचं दार बंद केलंय त्यांनी. आपणच खुळे."

झऱ्यावरून घागरी आणून अंघोळी उरकल्या. सेतीमायेच्या पानावर भात, घरी गाळलेली जाँड दारू आणि तो कत्ले ठेवला. घरोघरच्या चुलीवर मासे शिजले होते. पंगत पोटभर जेवली. हर्कबीरनं बोटं चाटत म्हटलं, "भिनाजू, दीदी सुखानं गेली बघा. काही म्हणून कमी पडलं नाही."

दलबीर पानाकडे बघत होता. वाढायला आलेल्या मुलीला त्यानं विचारलं, "इंद्रमाया, तुझ्या आमाचं झालं. माझ्या पानावर काय ठेवशील?"

"बा, असं अभद्र बोलू नका."

"अभद्र कसलं? सांग ना."

तिची नजर कोरड्या नदीकडे गेली. हातात पळी तशीच धरून ती पंगतीतच खाली बसली आणि रडायला लागली.