कागद न काढलेला पंखा

डोक्यावर कोरा पंखा, आणि साळवेबाई खाली बसून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. मे महिना, नाशिक रोडची पत्र्याची खोली. माझं डोकंच फिरलं.

"बाई, हा कुठून आला?"

"हप्त्यावर घेतलाय, साहेब."

मी एका पतपेढीत कर्ज सल्लागार होतो. साळवेबाई प्राथमिक शिक्षिका. मिस्टर वेल्डर. त्यांना आखातात पाठवायला बाईंनी आमच्याकडून कर्ज काढलं होतं. चार महिने ना पत्र, ना ड्राफ्ट. म्हणून आम्ही तीन महिने हप्ते थांबवले. याला आम्ही सवलत म्हणायचो. सवलत चालू असताना मध्ये एकदा घरी जाऊन बघायचं, हे माझं काम. अट एकच, नवी उधारी नको. केली तर सवलत रद्द, आणि थकलेले हप्ते जामीनदारांच्या पगारातून कापायचे. बाईंच्या जामीनदार शाळेतल्याच दोघी मैत्रिणी होत्या.

"अहो, तुम्हाला समजावून सांगितलं होतं ना मी!"

"ह्यांना उकाडा अजिबात सोसत नाही. आले की लागेल म्हणून..."

पात्यांवर दुकानातला कागद तसाच होता. माझी बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिच्या चपला मी दारातून हलवल्या नव्हत्या.

"पंखा परत द्यावा लागेल, बाई. आजच."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "एकदा लावून बघू?"

स्टुलावर चढून मीच कागद काढला. पाच मिनिटं आम्ही वाऱ्याला बसलो.

"तिकडे किती गरम होत असेल हो?" एवढंच त्या बोलल्या.

दुकानदाराशी तासभर हुज्जत घातली तेव्हा कुठे त्याने पंखा घेतला. मॅनेजरसाहेबांपुढे पावती ठेवली; तिच्यावर दुकानदाराने ‘वापरलेला’ असं लिहिलं होतं.

"वापरलेला पंखा परत घेतला?"

"पाच मिनिटं वापरलेला. मीच खाली बसलो होतो."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही केली. सवलत टिकली. तिसऱ्या महिन्यात ड्राफ्ट आला. पत्र नव्हतं. पुढे ड्राफ्ट येत राहिले, दोन वर्षांत कर्ज फिटलं. दाखला द्यायला मी मुद्दाम घरी गेलो.

"आले का?"

"नाही. पैसे येतात."

वर नवा पंखा होता. रोखीने घेतलेला. पात्यांवर कागद तसाच.

पतपेढीत नंतर कामाला आलेल्या पोरांना मी सांगायचो, काय घेतलं ते विचारता, तसं कोणासाठी घेतलं तेही विचारत जा. फॉर्मात त्याला रकाना नाही.