काठावरचा जोड

मामाला गावात सगळे चपलामामा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई.

तो पाटकरी होता. कालव्याचं पाणी शेतांना पाळीपाळीने सोडणारा माणूस. त्याचं दोन खोल्यांचं सरकारी घर कालव्याच्या लोखंडी दाराला लागूनच होतं. दारावर मोठं चाक. ते फिरवलं की दार उचललं जाई आणि पाणी खालच्या चारीत, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटात, धाव घेई. भाची दर सुट्टीत त्याच्याकडे येत असे. आईबाबा दोघंही नोकरीवर, म्हणून ते तिला बसमध्ये बसवून देत, आणि इकडे थांब्यावर मामा बसच्या आधीच येऊन उभा असे.

चारी बंद असली तरी तिच्यात गुडघाभर पाणी साचून राही. पोरं त्यात डुंबत. पुढे रस्त्याखालून चाळीस पावलांची मोरी होती. अंधारी, रांगत जाण्याइतकीच. तिच्या या तोंडाने शिरून त्या तोंडाने बाहेर पडणं म्हणजे मोठी मर्दुमकी. पाणी सुटलं की तीच मोरी छतापर्यंत भरत असे.

म्हणून मामाने नियम केला होता. पाण्यात उतरणाऱ्याने चपला काठावर काढायच्या, बाहेर आल्यावर आधी चपला घालायच्या. चार वाजता तो चाकाचं कुलूप काढी, मोरीपर्यंत काठ चालून येई, आणि मगच चाकाला हात लावी. काठावर एक जोड जरी दिसला तरी दार उचलायचं नाही. हाकांवर त्याचा भरवसा नव्हता. डोकं पाण्याखाली असलं तर हाक कुणाला ऐकू येणार? लोक टोमणे मारत, सरकार तुला पाणी सोडायचा पगार देतं की चपला मोजायचा? तो म्हणे, "दोन्हीचा. मोजणीचा जरा कमी देतं."

त्या वर्षी भाची दहा वर्षांची होती. आदल्या सुट्टीत डुंबून डुंबून तिचा कान फुटला होता. त्यामुळे मामीने आल्याआल्याच बजावलं, पाण्यात पाय घातलास तर संध्याकाळच्या बसने घरी. मामी बोलेल ते करणारी बाई होती. सुट्टीचे अजून तेवीस दिवस उरले होते.

दुपारी मामीचा डोळा लागला आणि भाची गेलीच. मोरीच्या तोंडाशी पोरांबरोबर मनसोक्त डुंबली. मग घराकडून मामीची हाक आली. ती पाण्यातून वर आली ती तडक मक्याच्या शेतातून पळत सुटली. मागच्या बाजूने घरात शिरली, केस पुसले, फ्रॉक बदलला, आणि पुस्तक घेऊन खिडकीत बसली. पाय अनवाणी आहेत हे घाईत तिच्या लक्षातही आलं नाही.

चार वाजता काठ बघायला गेलेला मामा परत आला तो धावतच. सगळी पोरं घरी गेली होती आणि मोरीच्या तोंडाशी एक जोड उरला होता. निळ्या पट्ट्याचा, लहान मापाचा. बाजारात मुलांच्या चपलांचं दुकान एकच, आणि त्या वर्षी दुकानदाराकडे निळाच माल आला होता. गावातल्या निम्म्या पोरांच्या पायात तोच जोड होता, आणि मामाने भाचीलाही तिथूनच घेतला होता.

खिडकीत भाची दिसली तेव्हा मामाच्या जिवात जीव आला.

"तू गेली होतीस का गं पाण्यावर?"

"नाही," ती म्हणाली.

त्याने पुन्हा विचारलं नाही. आज ती पस्तिशीची आहे, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही हेच तिला सगळ्यात जास्त आठवतं.

मामाने मामीला घरोघरी चौकशीला पिटाळलं आणि स्वतः बॅटरी घेऊन निघाला. कुलूप चाकाला परत लावायचं राहून गेलं. एवढ्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. भाचीने पाय फ्रॉकखाली ओढून घेतले. मामी परत येईल, सगळी पोरं घरी सापडतील, गोष्ट मिटेल, असं तिने मनाशी ठरवलं. खिडकीतून तिला मामा दिसत होता. मोरीशी पोचल्यावर त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आपल्या चपला काढून त्या निळ्या जोडाशेजारी नीट ठेवल्या. वाकला आणि आत शिरला.

तेवढ्यात मोटारसायकल आली. चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला शेत असलेला टोमॅटोवाला होता तो. टोकाला पाणी पोचेपर्यंत अर्धी पाळी सरत असे, आणि आज चार वाजून पंचवीस मिनिटं झाली तरी दार बंदच होतं. त्याने पाहिलं तर कुलूप काढलेलं आणि चाकाशी कुणी नाही. त्याने खिडकीकडे बघून मामा कुठे म्हणून विचारलं. तिने पाय फ्रॉकखाली आणखी आत घेतले. झोपले असतील, असं पुटपुटत त्याने दोन्ही हात चाकाला घातले.

पहिला फेरा नुसता ढिलाईचा असतो, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्याला दार हलतं.

ती अनवाणीच धावली आणि चाकाच्या आऱ्यांना लोंबकळली.

"मामा मोरीत आहे."

"मोरीत कशाला?"

"चपला दिसल्या म्हणून."

"कुणाच्या?"

"माझ्या."

त्याने चाक उलटं फिरवलं. पण दाराखालून पाण्याचा एक पातळ लोंढा सुटलाच होता. मातकट फेस पुढे ढकलत तो मोरीकडे निघाला. टोमॅटोवाला काठाने धावत सुटला. ती त्या फेसाकडे बघत राहिली. फेस मोरीच्या तोंडाशी पोचला आणि आत गेला.

मग रस्त्याच्या पलीकडून मामा वर चढताना दिसला. छातीपर्यंत भिजलेला, दोन्ही कोपरं सोललेली. टोमॅटोवाल्याने त्याला वाटेतच सगळं सांगितलं असावं. जवळ आल्यावर मामाने तिच्या पायांकडे पाहिलं. पायरीवर बसला.

जाऊ द्या मामा, लेकरू आहे, आता पाणी सोडा, असं टोमॅटोवाला हलक्या आवाजात म्हणाला.

"काठ बघितल्याशिवाय नाही," मामा म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "तू जा. बघून ये. तू सांगशील तेव्हा चाक फिरवतो."

ती गेली. येताना मामाचा आणि आपला, दोन्ही जोड उचलून घेऊन आली.

"कुणी नाही."

"नक्की?"

अर्ध्या तासापूर्वी तिने किती सहज नाही म्हटलं होतं.

"परत बघून येते," ती म्हणाली.

टोमॅटोवाल्याने घड्याळ पाहिलं. या खेपेला तिने काठावरची झुडपं बाजूला सारून पाहिलं. चिखलात गुडघे टेकून मोरीत डोकं घातलं, हाक मारली, आणि श्वास रोखून ऐकत राहिली. रस्ता ओलांडून पलीकडच्या तोंडातही तसंच. मग परत आली आणि म्हणाली, फिरव.

मामीने संध्याकाळी तिची पिशवी भरली. भाचीने गयावया केली नाही, रडलीही नाही. थांब्यावर पहिल्यांदाच मामा नव्हता. टोमॅटोवाल्याचं पाणी त्याने दोन तास वाढवून दिलं होतं, आणि तेवढा वेळ तो चाकापासून हलायला तयार नव्हता.