कडक गोळी

कुरुंद्यातल्या आमच्या शेजारच्या मावशींना सगळं कडक लागतं. चहा कडक, बोलणं त्याहून कडक. पाठीवरची गाठ काढल्यावर डॉक्टरांनी दिलेली कडक गोळी मात्र त्यांनी फळीवर ठेवून दिली. साध्या गोळीवर भागवतात आणि झाडता झाडता दात आवळून थांबतात. माझ्या हर्नियाच्या वेळी तसलीच कडक गोळी घेऊन मी दिवसभर गुंगीत सुखानं पडलो होतो.

"मावशी, काहून सोसून राहिल्या?" मी विचारलं.

त्यांनी आतल्या खाटेकडे पाहिलं. लकवा झाल्यापासून काका तिथंच असतात.

"पहिल्या दिशी घेतली व्हती. निवांत झोप लागली. उठले तं हे ओल्यातच पडलेले, हाका मारून मारून गप झालेले. ऱ्हाऊ द्या थोडं दुखणं. जाग ऱ्हाते."