त्र्याहत्तरचा पाढा

तिसापर्यंतचे पाढे, वर पावकी, निमकी, दीडकी, सगळं तोंडपाठ. बावीस वर्षांचा मी नगरहून शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर म्हणून गेलो, तेव्हा त्या जोरावर काय ताठा मिरवायचो! दीडशहाणा नुसता.

सहावीत एकच मुलगी होती, गणितात सगळ्यांच्या पुढं. सातवीची परीक्षा पास झाली असती तर मास्तरीण झाली असती. पण बाप म्हणाला, "आता बास झाली साळा." मी फार गळ घातली तेव्हा कुठं तो वाकला. "डिपोटीसायेब तपासनीला येनार हायेत न्हवं? त्ये पोरीला हुशार म्हनले तर ठिवतो."

तपासणीच्या दिवशी तो वर्गाच्या दाराशी येऊन बसला. साहेबांवर छाप पाडायची म्हणून मी फळ्यावर एक हजार एक ही संख्या लिहिली. सात, अकरा, तेरा. पोरांनी पटापट अवयव सांगितले. मग मी मध्ये आणखी एक शून्य घातलं. दहा हजार एक. "हिला कशानंच भाग जात नाही. ही मूळ संख्या," मी ठोकून दिलं. आदल्या दिवशी तिसापर्यंतचा एकेक पाढा लावून बघितला होता, कशानंच भाग गेला नव्हता. खरं तर शंभरापर्यंत बघायला हवं होतं. पण ज्याचा पाढा मला येत नाही त्या आकड्यानं कसला भाग जातोय, असा माझा तोरा!

ती उभी राहिली. "गुर्जी, त्र्याहत्तरनं जातो."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. माझं डोकंच सणकलं. "असं का? मग म्हण बघू त्र्याहत्तरचा पाढा!"

"त्येचा पाढा न्हाई गुर्जी. पन भाग जातो."

वर्ग खो खो हसला. साहेबही हसले. म्हणाले, "मुलगी धीट आहे, पण पाढे कच्चे आहेत." बाप मान खाली घालून उठला आणि तिला हाताला धरून घेऊन गेला.

शाळा सुटल्यावर मी पाटी घेतली. त्र्याहत्तरनं भागलं, एकशे सदतीस आले, बाकी शून्य. साहेब अजून समोर चावडीत चहा घेत होते. चार पावलांवर! पण नोकरी नवी, आणि कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगायलाही लाज वाटते, मी पाटी पुसून टाकली.

आठवड्यानं तिच्या घरी गेलो. खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. बापानं घोंगडी अंथरली. "बरं झालं गुर्जी, तुमच्यामुळं डोळं उघडलं. उगाच पोरीला डोक्यावर घेतलं हुतं. लगीन ठरलं तिचं."

त्यानं हाक मारली तशी ती बाहेर आली आणि माझ्या पाया पडली. "चुकलं माजं, गुर्जी."

"असू दे," मी म्हणालो.